सिस्टरांची तुळसा

माणसाच्या मरणाबाबत आमच्या वरच्या मजल्यावरच्या सिस्टरांइतकं काटेकोर माणूस मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. जगण्याच्या बाबतीत त्या तशा ढिसाळच. एका पायात काळी आणि दुसऱ्या पायात तपकिरी चप्पल घालून भाजी आणायला निघायच्या. गॅसवर दूध ठेवून माझ्याकडे पेन मागायला खाली यायच्या आणि करपल्याचा वास आला की "कुणाचं तरी दूध गेलं" असं म्हणून निवांत बसून राहायच्या. पण मरण म्हटलं की त्यांना हयगय चालत नसे. सकाळचा पेपर आला की त्या लाल पेन घेऊन आधी निधनवार्तांचं पान उघडायच्या. 'दीर्घ आजाराने' असं छापलेलं दिसलं की खाली रेघ मारून समासात लिहायच्या, 'कोणत्या?' 'अल्पशा आजाराने' असेल तर, 'किती दिवस?' 'प्राणज्योत मालवली' या शब्दांवर तर त्यांचा विशेष राग. प्राणज्योत म्हणजे नेमकं काय, श्वास गेला का नाडी गेली, हे लिहायला यांना काय होतं, असं त्या मलाच दटावून विचारायच्या, जणू त्या जाहिराती मीच देत होतो. टीव्हीवरच्या मालिकेत नायिका दोन महिन्यांच्या बेशुद्धीतून उठून लगेच घडाघडा बोलायला लागली की सिस्टरांचा आवाज जिन्यावरून थेट माझ्या दुकानात यायचा, "घशात नळी व्हती बाई तुझ्या. आवाज कुठून आला?"

दुकान म्हणजे नांदेडच्या कोर्टामागच्या गल्लीतली, त्यांच्याच घराची खालची खोली. तिथं मी मराठी टायपिंग करायचो, अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वाटणीपत्रं, आणि मागच्या खोलीत राहायचो. बायको नातवाला सांभाळायला पुण्याला मुलाकडे गेली होती. आधी तीन महिन्यांसाठी म्हणून गेली, मग नातू चालायला लागेपर्यंत, मग त्याची शाळा सुरू होईपर्यंत. सिस्टर वर एकट्या. सरकारी दवाखान्यांत त्यांनी सगळी नोकरी काढली, मुरुड, हदगाव, देवणी अशा बदल्या होत होत. देवणीकडच्या एका खेड्यातल्या बौद्ध वस्तीतून नर्सिंगला गेलेली पहिली मुलगी त्याच. लग्न का केलं नाही असं कोणी विचारलं तर त्या गंभीर चेहऱ्यानं सांगायच्या, "त्या दिवशी ड्युटी लागली व्हती."

हात मिळवायला म्हणून कोणी हात पुढे केला की त्यांची बोटं आपोआप मनगटावर सरकायची. एकेकाळी अख्खी गल्ली त्यांच्याकडे बीपी तपासून घ्यायला यायची. जिन्याच्या वरच्या टोकाला त्यांनी त्यासाठी दोन खुर्च्या टाकल्या होत्या, एक पेशंटची आणि एक बरोबर आलेल्याची. मग घरोघरी बटण दाबायची मशिनं आली. लोकांना आकडे घरबसल्या कळायला लागले आणि जिना रिकामा झाला. सिस्टर मात्र रोज सकाळी दोन्ही खुर्च्या पुसायच्या. कोणी नाही आलं की मला वर बोलवायच्या. त्या काळात माझं बीपी आठवड्यातून चार वेळा तपासलं जात असे आणि ते नेहमी ठीकच असे. त्याबद्दल त्या किंचित नाराजही दिसत.

एका दुपारी त्या कागदांचं भलं थोरलं बाड घेऊन खाली आल्या. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर निळ्या शाईत लिहिलेलं, दवाखान्यातल्या नोंदींसारखं बारीक, सरळ अक्षर.

"टाइप करायचंय, भाऊ. कादंबरी हाय."

मी विचारलं कसली.

"खुनाची. पण खून झाला का न्हाई ते अजून ठरायचंय."

देवणी-उदगीरच्या बाजूला तुळसा आणि हैबतीची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. लग्नघरी हळदीच्या वेळी बायका ती गाऊन सांगतात. निजामाच्या काळातली. तुळसा विणकराची मुलगी, हैबती जहागीरदाराच्या घोड्यांची निगा राखणारा. दोघांची जात वेगळी, घरच्यांचा विरोध, कोंडून ठेवणं, सगळं यथासांग. शेवटी दोघांनी गावच्या बारवेच्या पायऱ्यांवर बसून दुधातून विष घेतलं. सकाळी गाव पाहतं तर हातात हात, चेहऱ्यावर हसू आणि तुळसाच्या वेणीतली जाई तशीच टवटवीत. बारवेशेजारी आजही दोन दगड उभे आहेत आणि नवी जोडपी तिथं पाया पडतात. सिस्टर लहानपणी आईच्या तोंडून ही गोष्ट ऐकून प्रत्येक वेळी रडायच्या. मग त्या नर्सिंगला गेल्या आणि त्यांचं रडणं थांबलं.

"मी विष घेतलेली माणसं पाहिली हायत," त्या मला म्हणाल्या. "हसत न्हाईत ती. आन् जाई म्हणं टवटवीत. उलटी कुणी पुसली?"

'उलटी कुणी पुसली' हेच त्यांनी कादंबरीचं नाव ठेवलं होतं. या नावाचं पुस्तक कोणी हातात धरणार नाही असं मी म्हटल्यावर त्यांनी बराच विचार केला आणि 'वांती कुणी पुसली' चालेल का असं विचारलं. पुढं मी नावाचा विषय काढला नाही.

कादंबरीत शोध घेणारी होती चंद्राक्का सुईण. साठीची, तोंडात कायम पान, एका डोळ्यानं अधू. तिच्याबरोबर तालुक्याचे अमीनसाहेब, म्हणजे निजामाचे पोलीस अधिकारी. या साहेबांना मेल्या माणसाचं नुसतं नाव ऐकूनच चक्कर यायची, त्यामुळे प्रत्येक प्रकरणाची सुरुवात त्यांना कांदा हुंगवून शुद्धीवर आणण्यापासून होत असे. शुद्धीवर आले की त्यांना भूक लागायची. तपास चंद्राक्काच करायची, आणि तोही दवाखान्यात पेशंटची माहिती घ्यावी तसा. झोप लागते का, पोट साफ होतं का, याआधी असं कधी झालं होतं का. या सरबत्तीपुढं भलेभले कोलमडायचे. खुद्द जहागीरदार गुन्ह्याची कबुली देतील म्हणून वाचक श्वास रोखून बसतो, आणि ते कबूल करतात आपली मूळव्याध. मी टाइप करता करता हसत सुटायचो. बाहेर अर्ज घेऊन थांबलेल्या पक्षकारांना वाटायचं, वाटणीपत्रात हसण्यासारखं काय असतं.

प्रेमाचे प्रसंग मात्र सिस्टरांच्या हाताला जमत नसत. म्हणजे त्यांच्या मते जमत. 'हैबतीने तिचा हात हातात घेतला. नाडी शंभराच्या वर, परंतु नियमित.' किंवा, 'सायंकाळी सहा. तुळसा खिडकीत उभी. अन्न घेतले नाही. पाणी दोन वाट्या. हैबतीबद्दल विचारणा करते.' मी सुचवलं की इथं 'काळजाची धडधड वाढली' असं लिहू. त्यांनी विचारलं, कितीनं. रोज चारला त्या चहाचा थर्मास घेऊन खाली यायच्या आणि नवं लिहिलेलं वाचून दाखवायच्या. ऐकणारा मी एकटाच. मला दुसरं काम नसायचं असं नाही, पण चारच्या आत ते उरकायची मला सवय लागली. वाचून झालं की त्या कागदांकडे न बघता माझ्या चेहऱ्याकडे बघत बसायच्या, थर्मामीटर लावल्यावर बघतात तशा.

उलगडा मी इथं सांगून टाकतो, कारण ते पुस्तक आता मिळत नाही. चंद्राक्का गावातल्या एकेकाला गाठून विचारते, प्रेतं तू पाहिलीस का. तो म्हणतो, मी नाही, अमक्यानं पाहिली. अमका म्हणतो, मी नाही, तमक्यानं. असं करत करत गावाचा फेरा पूर्ण होतो आणि ती पुन्हा पहिल्या माणसापाशी येऊन उभी राहते. कोणीच काही पाहिलेलं नसतं. तुळसा आणि हैबती नदी ओलांडून बिदरकडे निघून गेलेले असतात. पोरं पळाली म्हणण्यापेक्षा पोरं मेली म्हणणं दोन्ही बापांना सोपं वाटलेलं असतं, आणि गावानं त्यात जाई, हसू आणि हातात हात आपल्या मनानं घातलेले असतात. इथवर कादंबरी सरसर आली. मग थांबली.

शेवटचं प्रकरण राहिलं होतं. चंद्राक्का बिदरकडे जाते, तिला तुळसा सापडते, आणि पुढं काय ते सिस्टरांना सुचेना. त्यांनी तुळसाला पोरंबाळं दिली, मग फाडून टाकलं. हैबतीला दारूडा केला, तेही फाडलं. दोघं भांडत भांडत म्हातारी झाली असं एक विनोदी प्रकरण लिहिलं, मला ते फार आवडलं, पण दुसऱ्या दिवशी तेही गेलं. चार वाजता त्या थर्मास घेऊन यायच्या आणि रिकाम्या हातानं बसायच्या. असे दोन महिने गेले. मी म्हटलं, एवढं काय अडून बसायचं, काहीही लिहा, गोष्टच तर आहे.

तेव्हा त्यांनी मला हदगावचं सांगितलं. मी इथं हदगाव लिहितोय. गाव दुसरंही असेल. पुढं ज्या बाईचा उल्लेख येईल तिचा धंदाही मी बदलला आहे. हे सगळं लिहू का म्हणून सिस्टरांना विचारलं तेव्हा त्यांनी घातलेली अट तेवढीच होती.

सिस्टर तेव्हा नोकरीत नव्या होत्या. एका गावाहून बैलगाडीत घालून एक मुलगा आणि एक मुलगी आणली गेली. दोघांनी शेतात फवारायचं औषध घेतलं होतं. मुलगा वाटेतच गेला होता. मुलगी वाचली. तीन आठवडे ती दवाखान्यात होती आणि तिच्याकडे कोणी फिरकलं नाही. बापानं गावात सांगितलं, दोघंही गेली. गावाला ते बरं पडलं. वर्षभरात दोघांवर एक गाणंसुद्धा झालं. मुलगी इकडे जिवंत, आणि तिकडे तिचं गाणं.

"एक दिवस तिनं मला विचारलं, सिस्टर, मी कामून वाचले," सिस्टर सांगत होत्या. "मी सलाईन लावून राहिले व्हते. मी म्हणाले, गप पड, सुई निघंल. दुसरं काय बोलावं ते मला सुचलंच न्हाई. मग तिला सुट्टी मिळाली आन् ती निघून गेली."

मग त्या म्हणाल्या की मुलगी पुढं कशी जगली ते कळल्याशिवाय तुळसाचं प्रकरण लिहिता यायचं नाही, म्हणून तिला एकदा भेटून येऊ, कादंबरीसाठी. 'कादंबरीसाठी' हे त्यांनी दोनदा म्हटलं. दवाखान्यातल्या एका जुन्या आयाबाईंकडून त्यांनी पत्ता आधीच काढून ठेवला होता. तो त्यांच्या पर्समध्ये किती दिवस होता कोण जाणे. कागद घड्यांवर फाटायला आला होता.

आम्ही एसटीनं गेलो. सिस्टरांनी इस्त्रीची पांढरी साडी नेसली होती, पायात दोन्ही चपला एकाच रंगाच्या होत्या आणि पिशवीत फॉल-पिकोला द्यायला म्हणून एक नवी साडी घेतली होती. त्या बाईचं बसस्टँडमागच्या गल्लीत शिवणकामाचं दुकान होतं. वाटेत सिस्टर एकाही प्रवाशाशी बोलल्या नाहीत. हे इतकं अघटित होतं की मी दोनदा विचारलं, बरं नाही का.

दुकानात पन्नाशी उलटलेली एक बाई मशिनवर बसली होती. चष्मा नाकावर घसरलेला, गळ्यात टेप. मागं कपाटाला दोन मुलांचे ग्रॅज्युएशनचे फोटो. सिस्टरांनी साडी पुढं केली. बाईनं साडी घेतली, रंगाला जुळणारा फॉल शोधला, बसा म्हणाली आणि कामाला लागली. सिस्टर बसल्या. मी दाराशी उभा राहिलो. मशीन चालू होतं, थांबत होतं, पुन्हा चालू होत होतं. ज्या बाईंनी जहागीरदाराची मूळव्याध वदवून घेतली, त्या साडीच्या काठाकडे बघत बसून राहिल्या.

अर्धी साडी झाल्यावर बाई मान वर न करता म्हणाली, "तुमी दवाखान्यातल्या सिस्टर न्हाई का."

सिस्टर म्हणाल्या, "हाव."

बाईनं सांगितलं ते थोडक्यात असं. ती मावशीकडे गेली, शिवण शिकली, मग एका बिजवराशी तिचं लग्न झालं. त्याची दोन मुलं होती, ती तिनं वाढवली. नवऱ्याला सगळं ठाऊक होतं आणि त्यानं कधी विषय काढला नाही. मुलांना मात्र काही माहीत नव्हतं. हे सगळं तिनं टीप घालता घालता, एका आवाजात सांगितलं. सिस्टरांनी विचारलं, त्याची आठवण येते का.

"त्याचा चेहरा आता येत न्हाई डोळ्यापुढं," ती म्हणाली. "पयले लई प्रयत्न करायचे. तुमचा येतो. तुमी रोज सकाळी माझी वेणी घालून द्यायच्या."

सिस्टरांना ते आठवत नव्हतं. हे त्यांनी मला परतीच्या वाटेवर सांगितलं. 'गप पड' एवढंच त्यांना इतकी वर्षं आठवत होतं, आणि वेणीचं काहीच नाही. पण दुकानात त्यांनी नुसती मान हलवली. फॉल लावून झाला. बाईनं साडीची घडी घातली, ती पिशवीत ठेवली आणि पिशवीचे बंद सिस्टरांच्या हातात देताना हात तसाच धरून ठेवला. सिस्टरांची बोटं मनगटावर सरकली नाहीत. मी बघत होतो.

"तुमाला पाहून लई बरं वाटलं," बाई हळू आवाजात म्हणाली. "पण परत येऊ नका, सिस्टर. राग मानू नका. पोरं मोठी झाली हायत, त्यांला कोन आलं व्हतं म्हणून काय सांगू."

सिस्टर म्हणाल्या, न्हाई येत. आणि बाहेर पडल्या. बसस्टँडवर आम्ही दीड तास बसलो. चहा घेता का विचारलं तर त्यांनी होकारार्थी मान हलवली, आणि चहा आणल्यावर तो हातात धरून थंड केला. मला वाटत होतं, त्यांच्याशी काहीतरी बोलावं. मला सुचलं नाही.

चार दिवसांनी त्या शेवटचं प्रकरण घेऊन आल्या. चंद्राक्का बिदरच्या बाजारात पोचते. तिथं तिला एक बाई दिसते, कडेवर मूल घेऊन वांगी निवडणारी. चंद्राक्का तिला ओळखते. ती बाईही मान वर करून चंद्राक्काकडे बघते. चंद्राक्का पान थुंकते, मागं फिरते आणि तीन दिवस चालत गावी येऊन अमीनसाहेबांना सांगते, चौकशी केली, दोघंही बारवेवरच मेली, हसत मेली, वेणीत जाई होती. साहेब सुटकेचा श्वास सोडून जेवायला बसतात. चंद्राक्का आपल्या घरी जाते, कडी काढते, दिवा लावते. एवढंच. नाडीचा आकडा कुठंही नव्हता. टाइप करताना मला एकही शब्द बदलावासा वाटला नाही.

पुस्तकाच्या थोड्याच प्रती काढल्या. गल्लीजवळच्या वाचनालयात सिस्टरांनी एक प्रकरण वाचलं, मूळव्याधीचं. अकरा माणसं होती, त्यातली दोन बीपी तपासून मिळेल म्हणून आली होती. लोक पोट धरून हसले. शेवटी एक निवृत्त गुरुजी उभे राहिले आणि म्हणाले, पुस्तक फर्मास आहे, पण शेवटी तुमची चंद्राक्का हरली. एवढं शोधून काढलं आणि खोटंच सांगून आली.

"हाव," सिस्टर म्हणाल्या. "हरली." आणि ग्लासातलं पाणी प्यायल्या.

पुढच्या उन्हाळ्यात मी दुकान बंद केलं. पुण्याहून बायको आणि मुलगा किती दिवस म्हणत होते, आणि गल्लीत आता मोबाइलवरच सगळे अर्ज व्हायला लागले होते. सिस्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, कोणत्या गाडीनं जाणार. मी सांगितलं. बरं, म्हणाल्या. जायच्या दिवशी त्या खाली आल्या नाहीत. मी वर गेलो तर त्या डोकं धुऊन उन्हात बसल्या होत्या, केस मोकळे, एकदम म्हाताऱ्या दिसत होत्या. खालची खोली त्यांनी अजून कोणाला दिलेली नाही.

रविवारी मी फोन करतो. त्या विचारतात, तिकडं बोलायला मिळतं का कोणी. मी सांगतो, सोसायटीत पुष्कळ माणसं आहेत, रोज संध्याकाळी बागेत बसतो. त्यांना विचारलं की त्या म्हणतात, इथं सारखं येणं-जाणं चालू असतं, उसंत म्हणून नाही. नवं काही लिहिताय का, मी विचारतो. सुचून राहिलं, म्हणतात. मग दोघांचंही बोलणं संपतं. मागच्या रविवारी असंच झालं. त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी फोन कानाला लावून गॅलरीत उभा होतो. पलीकडे एकेक दाणा ताटात पडत होता आणि मी ऐकत होतो.